नंदे, मी चाचींशी खोटं बोलले

गंगापूर रोड, नाशिक
१२ डिसेंबर २०२५

प्रिय नंदे,

मुग्धाचं लग्न ४ तारखेला पार पडलं. फोटो पोचले असतीलच. तू आली नाहीस याचा राग नाही. सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन टाकून तू कशी येणार? माझी शुगर आहे तिथेच आहे, गुडघा अधूनमधून बोलतो. ते जाऊ दे. हे सगळं फोनवर सांगायला बसले असते तर रडले असते, म्हणून पत्र. यांना सांगितलं तर म्हणतील, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस.

मुग्धाचा चुडा चाचींनी भरला नाही. मी भरू दिला नाही.

साखरपुडा झाल्या झाल्या मुग्धाला घेऊन दूध बाजारात चाचींच्या बांगड्यांच्या दुकानात गेले होते. गल्ली तशीच आहे, दुकान तसंच, फक्त चाची आता खुर्चीवर बसतात. त्यांनी मुग्धाचा हात घेतला, अंगठा आत दुमडला, सांध्यांवरून एकदा बोटं फिरवली आणि म्हणाल्या, "सव्वादोन. माँ से नाजूक है." कुठे लिहून ठेवलं नाही. आपलं तरी कधी लिहिलं होतं? तू अडीचची असून सव्वादोनच पाहिजे म्हणून हटून बसली होतीस, आणि पहिलीच बांगडी सांध्यावर अडकल्यावर साबण लावून अर्धा तास चाचींनी तुला रडवलं होतं, आठवतं? "हाथ ढीला छोड, पत्थर मत बना." त्या दिवशीही तेच म्हणाल्या, मुग्धाला. वर म्हणाल्या, घुटने गये तो क्या, रिक्षाने येईन, चुडा मीच भरणार.

मग १० नोव्हेंबर आला. लाल किल्ल्याजवळ ती गाडी उडाली. १५ तारखेला मोठ्या वन्सं केळवणाला आल्या, घरात टीव्ही चालू, आणि त्या म्हणाल्या, "गाडी चालवणारा डॉक्टर होता म्हणे. एवढा शिकलेला. आता भरवसा कुणावर ठेवायचा? आणि तू लेकीचं सौभाग्य त्यांच्या हातून भरून घेणार?"

वन्संना वाईट म्हणू नकोस. एप्रिलमध्ये पहलगामला जी २६ माणसं मारली, धर्म विचारून मारली, त्यातली तिघं डोंबिवलीची होती. वन्सं डोंबिवलीच्या. अंत्ययात्रेला रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. बायकामुलांच्या समोर गोळ्या घातल्या, हे त्यांनी पेपरात वाचलेलं नाही, तिथल्याच माणसांच्या तोंडून ऐकलंय. त्यानंतर कितीतरी रात्री त्यांना झोप नव्हती. त्यांची भीती खरी आहे, नंदे. ती त्यांनी नेऊन चाचींच्या दारात ठेवली, एवढंच खोटं आहे.

आणि हे मला बोलता आलं असतं. सगळं पाठ आहे माझं. त्याच पहलगामला सय्यद आदिल हुसेन शाह नावाचा घोडेवाला पर्यटकांना वाचवायला बंदूकवाल्यांच्या अंगावर गेला आणि त्या २६ जणांतच मेला. २००८ साली देवबंदच्या उलेमांनी दहशतवाद इस्लामच्या विरुद्ध आहे म्हणून फतवा काढला. त्याच वर्षी २६/११ च्या नऊ मेलेल्या अतिरेक्यांना मुंबईच्या बड्या कब्रस्तानच्या विश्वस्तांनी जागा नाकारली. आमच्या मातीत हे नकोत, म्हणाले. लोक विचारतात ना, हे लोक निषेध का करत नाहीत? करतात. ऐकायला आपण थांबत नाही. दुसऱ्या कुणाच्या घरी चहाच्या कपावर मी हे सगळं ताडताड बोलले असते. माझ्या स्वतःच्या घरात, मुलाकडची दोन माणसं बसलेली असताना, मी म्हणाले, "बघू."

त्या "बघू"मध्येच सगळं आलं. कुणी जबरदस्ती केली नाही. वन्सं तर दुसऱ्या दिवशी विसरल्याही असतील. दोन दिवसांनी मीच चाचींना फोन केला आणि सांगितलं की चुड्याचा कार्यक्रम मुलाकडचे त्यांच्या गावी करणार आहेत, तिथला कासार ठरलेला आहे. चाची म्हणाल्या, "कोई बात नहीं बेटा, उनका रिवाज होगा." मग मुग्धाला दुवा दिली, बराच वेळ देत होत्या. मी फोन धरून उभी.

तुला आता माझे २००६ चे शब्द आठवत असतील. मला तर रोज आठवतात. ११ जुलैला मुंबईत स्फोट झाले तेव्हा तुझा दादा त्या लोकलमध्ये, फर्स्ट क्लासला लागून असलेल्या डब्यात होता. त्याचा उजवा कान गेला तो गेलाच. मग डिसेंबरात शैलाच्या लग्नात तू चाचींना बोलावलं नाहीस, पंचवटीतून कासार आणलास, आणि मी हळदीच्या दिवशी सगळ्या बायकांसमोर तुला म्हणाले, "दादाचा कान काय चाचींनी नेला?" तू तांब्या खाली ठेवलास आणि म्हणालीस, "तुझ्या घरचं कुणी त्या डब्यात नव्हतं." आठ महिने आपण बोललो नाही. मी स्वतःला फार मोठी समजत होते तेव्हा. त्याच सप्टेंबरात मालेगावला स्फोट झाला होता, शब-ए-बारातला, कब्रस्तानात, तीसच्या वर माणसं गेली, आणि मी तुला दाखले देत होते की बघ, मेले तेही मुसलमानच. तुझं दुःख ताजं होतं आणि मी तुला हिशोब शिकवत होते. त्याबद्दल मी माफी कधी मागितलीच नाही. आता मागते.

तेव्हा तुझ्याकडे निदान जखम होती, नंदे. माझ्याकडे काय होतं?

मालेगावात पकडलेल्या त्या नऊ मुलांना जामीन मिळायला पाच वर्षं गेली आणि २०१६ साली कोर्टाने त्यांच्यावर खटला चालवण्याजोगं काही नाही म्हणून सोडलं. यंदाच्या जुलैत लोकलच्या खटल्यातले बाराही जण हायकोर्टाने निर्दोष ठरवले, पाचांना तर फाशी झालेली होती. सुप्रीम कोर्टात काय व्हायचं ते होईल. दहा दिवसांनी मालेगावच्याच भिक्कू चौकाच्या २००८ च्या स्फोटातले सातही आरोपी सुटले, ते आपल्या धर्माचे. तिथली सहा माणसं गेली ती गेलीच. दादा काय म्हणाला ग निकाल ऐकून? त्याला विचारायची माझी हिंमत नाही. एकोणीस वर्षं ज्यांचा राग केला ते हे नव्हेतच म्हटल्यावर माणसाने तो राग ठेवायचा कुठे?

बरं, मुख्य सांगायचं राहिलं. लग्नाच्या दिवशी लॉनवर लायटिंगवाल्याची पोरं होती. त्यातला एक शिडीवरून उतरला आणि म्हणाला, "सलाम, काकू." चाचींचा नातू, इरफान! दिवाळीत आपण ज्याला चकल्या द्यायचो तो, आता मिशा फुटल्यात. माझ्या शेजारी मुग्धा उभी, दोन्ही हात हिरवे, कोपरापर्यंत. लग्न नाशकातच आहे, चुडा नाशकातच भरलाय, हे त्याला काय सांगायची गरज होती? त्याने मुग्धाच्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलंच नाही. वायर कोपराला गुंडाळत गुंडाळत गेला. मी जेवायचं म्हटलं तर "नंतर" म्हणाला. रात्री पंगतीत शोधला, निघून गेला होता.

त्याने घरी सांगितलं की नाही, मला कळायला मार्ग नाही. हेच मला झोपू देत नाही. सांगितलं नसेल तर मी जाऊन सगळं कबूल करायचं म्हणजे ऐंशीच्या घरातल्या बाईला उगाच नवी जखम द्यायची. आणि सांगितलं असेल तर त्या माझी वाट पाहत असतील, किंवा पाहत नसतील. दोन वेळा रविवार कारंजापर्यंत जाऊन परत आले. एकदा तर भाजी घेऊन आले, चौक मंडईतून, म्हणजे बघ किती जवळ.

मुग्धाने विचारलं होतं, चाची का नाही आल्या? मी म्हटलं, बरं नाही त्यांना. म्हणजे दुसरं खोटं. ती १४ जानेवारीला संक्रांतीसाठी यायची आहे आणि आल्या आल्या चाचींना बघायला जाऊ म्हणतेय. त्याच्या आत मला जायला हवं.

म्हणून तुला विचारते. २००७ च्या श्रावणात, नागपंचमीच्या आदल्या दिवशी, तू माझ्या दारात आलीस, काही न बोलता दोन्ही हात वर केलेस, मनगटं भरलेली. मी तुला आत ओढलं आणि आपण नुसत्या हसत सुटलो. पण त्याआधी तू एकटी चाचींच्या दुकानात गेली होतीस. तिथे काय झालं ते तू कधी सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. आत शिरल्यावर तू पहिला शब्द कोणता बोललीस? की नुसता हात पुढे केलास? चाची काय म्हणाल्या? जसं झालं तसं लिही. चार ओळी लिही, पण लगेच लिही.

ओमच्या नोकरीचं कळलं, आनंद वाटला. तुझ्या बदलीचं काय झालं? सासूबाईंना नमस्कार सांग. दादाला माझं नाव सांगू नकोस इतक्यात.

तुझी,
सुनी