अठरा पूर्ण झाली, आता रेशनकार्ड कोणाचं आणायचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की बालगृहातल्या एखाद्या मुलीच्या यशाची बातमी फोटोसह छापून येते. चांगलंच आहे ते. पण अठरा पूर्ण झाली की त्याच मुलीला संस्था सोडावी लागते. त्यानंतर ती आजारी पडली तर काय, हे कोणी विचारत नाही. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून नोकरी केली असल्यामुळे मला मात्र पहिला प्रश्न तोच पडतो.

संस्थेत असेपर्यंत मुलाचं आजारपण संस्थेचं असतं. काळजीवाहक बरोबर येतात, केसपेपर काढतात, अधीक्षक सही करतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतही शासकीय अनाथालयांतली मुलं लाभार्थी धरली आहेत. अठरानंतर तोच मुलगा एकटा खिडकीशी येतो आणि त्याला पहिलं रेशनकार्ड मागितलं जातं. आता रेशनकार्ड ही कुटुंबाची वस्तू. याचं कुटुंबच नाही. १ जुलै २०२४ पासून ही योजना राज्यातल्या सगळ्यांना खुली झाली, मोफत उपचारांची वार्षिक मर्यादा पाच लाखांवर गेली, रेशनकार्ड नसेल तर अधिवास प्रमाणपत्र चालतं, हे सगळं खरं. पण ते प्रमाणपत्र काढायला सेतू केंद्रात गेलं की रहिवासाचा पुरावा मागतात, वडिलांचे कागद विचारतात. हा राहतो कॉट बेसिसवर, खोलीचा करार तिसऱ्याच्याच नावावर. धर्मादाय रुग्णालयांत निर्धनांसाठी दहा टक्के खाटा राखीव आहेत, तिथेही उत्पन्नाचा दाखला नाहीतर पुन्हा रेशनकार्ड. अपेंडिक्स तहसीलदारांच्या सहीसाठी थांबत नाही.

आणि मग वॉर्डातला तो ठरलेला प्रश्न: "बरोबर कोण आहे?" कायद्यानं सज्ञान माणूस स्वतःच्या ऑपरेशनच्या संमतीवर स्वतः सही करू शकतो. तरी नातेवाइकाची सही मागितली जातेच. रक्त आणायला, रिपोर्ट आणायला, रात्री उशाशी बसायला माणूस लागतो हेही खरं. अशा वेळी जुन्या संस्थेच्या बाई पदरमोड करून धावून येतात. त्यांच्या चांगुलपणावर किती दिवस चालवायचं?

बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४६ मध्ये संस्था सोडणाऱ्यांना आर्थिक साहाय्याची तरतूद आहे. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेतून अनुरक्षणासाठी, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधारासाठी, महिना ४,००० रुपये मिळू शकतात, तेही साधारण एकविसाव्या वर्षापर्यंत, अपवादानं तेविसाव्या. पुण्या-मुंबईत जागा आणि मेस यांतच ते संपतात. नातेवाइकांकडे किंवा दुसऱ्या कुटुंबात वाढणाऱ्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, महिना २,२५० रुपयांची. तीही अठरालाच थांबते. कोविडमध्ये आईवडील गेलेल्या मुलांसाठी केंद्रानं मे २०२१ मध्ये पाच लाखांच्या आरोग्य विम्याची घोषणा केली, तिच्यातही हप्ता भरायची हमी अठरापर्यंतचीच होती. घरात वाढलेल्या मुलाला मात्र वडिलांच्या कंपनीच्या गटविम्यात बहुतेक ठिकाणी पंचविशीपर्यंत जागा असते, आणि त्याला कोणी फुकट खातो म्हणत नाही.

आरोग्यव्यवस्थेच्या बाबतीत अमेरिकेकडून शिकावं असं माझं मुळीच मत नाही. पण एक गोष्ट तिथे नीट विचार करून झाली आहे. ओबामांच्या काळातल्या आरोग्य कायद्यानं आईवडिलांच्या विम्यात मुलांना २६ वर्षांपर्यंत राहू दिलं. मग ज्यांना आईवडीलच नाहीत त्यांचं काय? तर अठराव्या वर्षी जी मुलं सरकारी ताब्यात, फॉस्टर केअरमध्ये (सरकारनं दुसऱ्या कुटुंबात किंवा संस्थेत ठेवलेली) होती आणि मेडिकेडवर, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यावर होती, त्यांनाही १ जानेवारी २०१४ पासून मेडिकेड २६ पर्यंत लागू झालं. उत्पन्नाची अट नाही, म्हणजे नोकरी लागली तरी कार्ड जात नाही. चूक एक राहिली होती: मुलानं राज्य बदललं की नव्या राज्यावर बंधन नव्हतं. २०१८ च्या कायद्यानं ती सुधारली, पण १ जानेवारी २०२३ किंवा त्यानंतर अठरा पूर्ण करणाऱ्यांपुरतीच. पुढे २०२५ मध्ये मेडिकेडला कामाची अट जोडली गेली, तेव्हाही या मुलांना त्यातून वगळलं.

आपल्याकडे नवी योजना काढायचीही गरज नाही. महिला व बालविकास विभाग अनाथ प्रमाणपत्र देतोच, २०१८ पासून त्यावर एक टक्का आरक्षणही मिळतं. तेच प्रमाणपत्र जनआरोग्य योजनेच्या खिडकीवर पुरेसं धरावं. जी मुलं अनाथ नाहीत पण संस्थेत वाढली, त्यांच्यासाठी त्यांना संस्थेत ठेवणाऱ्या बाल कल्याण समितीचा आदेश चालावा. आरोग्य कार्ड मुलगा संस्थेत असतानाच, सतरा संपायच्या आत त्याच्या हातात पडावं, आणि बरोबर उपचारांची पूर्ण फाइलही. लसी कोणत्या झाल्या, फिट येतात का, गोळी कोणती चालू आहे, हे संस्थेच्या कपाटात राहून काय उपयोग? फिटची गोळी एक महिना चुकली तर काय होतं ते वॉर्डात पाहिलेलं आहे.

जनआरोग्य योजना मुख्यतः भरती होऊन घेतलेल्या उपचारांची आहे. या मुलांना जास्त करून लागतात त्या महिन्याच्या गोळ्या, दातांचे इलाज, चष्मा आणि मानसोपचार. त्यासाठी जिल्हा रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात एका कर्मचाऱ्याचं नाव ठरवून द्यावं आणि संस्था सोडणाऱ्या प्रत्येक मुलाला ते नाव नि फोन नंबर लिहून द्यावा. आरोग्य आणि महिला व बालविकास या दोन्ही विभागांच्या सचिवांनी मिळून एक परिपत्रक काढलं तरी एवढं होण्यासारखं आहे.

आपला,
एक निवृत्त समाजसेवा अधीक्षक, नाशिक