पवना कॅम्प : छोट्यांच्या आई-बाबांसाठी

नमस्कार मंडळी,

शनिवारी दुपारी ३ पर्यंत पवना धरणाच्या काठी पोहोचायचंच. उजेड असताना पिल्लांनी तंबू आतून-बाहेरून बघितला की रात्री रडारड कमी होते. शक्य असेल तर आज-उद्या घरातच चादरीचा तंबू करून त्यात एकदा झोपवून बघा.

पाण्याचं आधी सांगते. काठाला कठडा नाही आणि गाळात पाय रुततो. म्हणून मुलं जागी असेपर्यंत दोन-दोन मोठ्यांची अर्ध्या-अर्ध्या तासाची पाळी लावली आहे. पाळीवर असताना मोबाईल खिशात. "सगळे आहेत ना" म्हणजे कुणाचंच लक्ष नसतं!

पहाटे थंडी बोचते, पाठीखालून जास्त. कानटोपी, पायमोजे आणि खाली घालायला जाड सतरंजी किंवा गोधडी हवीच. तंबूत शेगडी किंवा निखारे अजिबात न्यायचे नाहीत. धुराचा वास आला नाही तरी त्यातला वायू जिवावर बेततो.

तंबूच्या दोऱ्यांना जुन्या साडीचे रंगीत काठ बांधू. मागच्या वेळी आमचं शेंडेफळ तिथेच तीनदा आपटलं.

मऊ खिचडी तिथे सगळ्यांची एकत्र होईल. दूध, पेज, नाचणीचं सत्त्व ज्याचं त्याने आणावं. पॉटी, डायपर, कचऱ्याच्या पिशव्या, ओआरएस, तापाचं नेहमीचं औषध मोजायच्या चमच्यासकट. वापरलेले डायपर आपल्यासोबत परत.

कुणाला ताप-खोकला असेल तर शुक्रवारी रात्रीपर्यंत कळवा.