‘काफिर युद्धे’ हा शब्दप्रयोग आता थांबवावा

संपादक महोदय,

दक्षिण आफ्रिकेच्या इतिहासावर मराठीत लिहिताना ‘काफिर युद्धे’ (तिथल्या खोसा या स्थानिक समाजाच्या गोऱ्या वसाहतवाल्यांशी झालेल्या लढाया), ‘काफिर टोळ्या’ असे शब्द अजूनही वाचायला मिळतात. लिहिणाऱ्यांच्या मनात वाईट हेतू नसतो, तरी वाचताना फार खटकते.

मूळ अरबी शब्दाचा अर्थ इस्लाम न मानणारा. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर अरब व्यापारी तो स्थानिकांना लावत. त्यांच्याकडून पोर्तुगिजांनी उचलला (गोव्यातला ‘खापरी’ त्याच वाटेने आला) आणि पुढे तो डचांकडे गेला. आफ्रिकान्समध्ये (डचमधून तिथे घडलेल्या गोऱ्यांच्या भाषेत) तो आधी खोसा लोकांसाठी, मग सगळ्याच काळ्या माणसांसाठी वापरला गेला. वर्णभेदाच्या राजवटीत तर ती उघड शिवी झाली. २०१८ मध्ये रँडबर्गच्या न्यायालयाने एका काळ्या पोलिसाला हा शब्द पुन्हा पुन्हा ऐकवणाऱ्या महिलेला तुरुंगवास ठोठावला.

खोसांनीही शेजाऱ्यांची नावे घेतली, पण आपल्या व्याकरणात बसवून. आफ्रिकान्समध्ये ‘बूर’ म्हणजे शेतकरी. खोसा भाषेत मुळात ‘र’ नव्हता, म्हणून एक माणूस ‘इभुलू’, अनेक ‘अमाभुलू’ आणि त्यांची भाषा ‘इसिभुलू’. म्हणजे शेतकऱ्यासाठीचा शब्द अख्ख्या समाजाचे नाव झाला. इंग्रजीला खोसा ‘इसिन्गेसी’ म्हणतात.

गोऱ्यांच्या दप्तरात मात्र खोसांच्या नावांची मोडतोड झाली. अनेकवचनाचा ‘अमा’ गेला, जिभेच्या टाळीने काढायचे ध्वनी गेले. अमाम्फेंगू जमातीचे ‘फिंगो’ झाले, अमान्गिकांचे ‘गायका’. इंग्रजी पुस्तकांतून हीच रूपे आपल्याकडे आली आणि कोणी तपासली नाहीत.

माझी विनंती साधी आहे. १७७९ ते १८७९ या शंभर वर्षांत झालेल्या नऊ लढायांना ‘खोसा युद्धे’ किंवा ‘सरहद्दीची युद्धे’ म्हणावे. गांधीजी १८९३ ते १९१४ या काळात तिथे होते आणि त्यांच्या सुरुवातीच्या लेखनात तो जुना शब्द येतो. असा उतारा छापताना त्यात फेरफार करू नये, पण शब्दाचा इतिहास सांगणारी दोन ओळींची टीप खाली जरूर द्यावी.

– एक वाचक, मिरज