चंद्राच्या भरवशावर पीएच.डी.

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

एक्स-रे खगोलशास्त्रात पीएच.डी. करण्याचा तुझा विचार कळला आणि आवडलाही. मात्र नासाच्या ज्या चंद्रा या अवकाशातल्या एक्स-रे दुर्बिणीच्या भरवशावर तू तो करते आहेस, तिच्याविषयी वाचताना माझ्यातली लेखाधिकारी जागी झाली.

जुलै १९९९ मध्ये पाच वर्षांच्या बोलीवर सोडलेली ही दुर्बीण जवळजवळ पंचवीस वर्षांनंतरही उत्तम निरीक्षणे देत होती. तरीही मार्च २०२४ मध्ये नासाच्या अर्थसंकल्पीय प्रस्तावात तिची तरतूद सुमारे ६.८ कोटी डॉलरवरून ४.१ कोटींवर आणून पुढे आणखी घटवण्याचे मांडले गेले. उष्णतारोधक आवरण जीर्ण झाल्याने तिचे तापमान सांभाळणे कठीण झाले आहे, हे त्यामागचे एक कारण. ते खोटे नाही. दुर्बिणीची कोणती बाजू उन्हात किती वेळ राहील याचा हिशेब मांडूनच वेळापत्रक लावावे लागते. एक भाग निवेपर्यंत दुसरा तापतो, म्हणून दीर्घ निरीक्षणांचे तुकडे पाडावे लागतात. पण हा हिशेब माणसे करतात, आणि तरतूद कापली की आधी तीच माणसे जातात. जिल्हा परिषदेत मी हेच पाहिले: नव्या इमारतीला निधी मिळतो, जुनीची कौले शाकारायला मिळत नाही.

२०२६ च्या प्रस्तावात तर नासाच्या एकूण विज्ञान-तरतुदीलाच जवळजवळ निम्मी कात्री लावली होती. अमेरिकी काँग्रेसने ती बहुतांशी मानली नाही, हे खरे. पण मंजुरी वर्षापुरती असते आणि तुझा प्रबंध पाच वर्षांचा. युरोपची न्यूअथेना ही पुढची मोठी एक्स-रे दुर्बीण २०३७ च्या सुमारास जायची आहे, म्हणजे तुझ्या उमेदीची वर्षे नेमकी मधल्या पोकळीत सापडू शकतात.

म्हणून प्रबंधाची किमान दोन प्रकरणे आधीच साठवलेल्या निरीक्षणांवर उभी राहतील असा विषय घे. चंद्रा दुर्बिणीचे संग्रह खुले आहेत. २०१५ मध्ये पाच वर्षांसाठी गेलेल्या आणि ती मुदत केव्हाच ओलांडलेल्या आपल्या ॲस्ट्रोसॅट या खगोल-उपग्रहाचेही आहेत. त्याच्या उपकरणांवर मुंबईच्या टीआयएफआर आणि पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थांमध्ये काम झाले आहे. तिथे शोधकाचे (किरण टिपणाऱ्या भागाचे) अंशांकन, म्हणजे त्याची मोजणी अचूक लावून घेणे, शिकायला मिळाले तर सोडू नकोस, कारण दुर्बीण बंद पडली तरी ते कसब पुढच्या उपकरणाला लागतेच.

अर्ज भरण्यापूर्वी मार्गदर्शकांना स्पष्ट विचार: नवी निरीक्षणे मिळालीच नाहीत, तर माझ्या प्रबंधात काय उरेल? ते काय म्हणतात ते मला कळव.

तुझी,
आई