नक्षी अंदाजाने नव्हे, हिशेबाने

महोदय,

डीटीपीचे (संगणकावर छपाईची मांडणी करण्याचे) प्रमाणपत्र घेऊन छपाईच्या धंद्यात येणाऱ्या मुलामुलींना कोरलड्रॉ या चित्रांकनाच्या सॉफ्टवेअरमधली बहुतेक टूल्स तोंडपाठ असतात. मात्र एकच आकार ठरावीक प्रमाणात फिरवत आणि लहान करत नेणारी नक्षी सांगितली, की त्यांतले बरेच जण कॉपी-पेस्ट करून प्रत्येक तुकडा नजरेने बसवू लागतात. लग्नपत्रिकेवरच्या बारा पाकळ्यांच्या फुलात प्रत्येक पाकळी 30 ऐवजी 29 अंशांनी फिरली, तर शेवटी 12 अंशांची जादा फट राहते आणि ती झाकण्यासाठी सगळ्याच पाकळ्या सरकवत बसावे लागते. वास्तविक फिरण्याचा केंद्रबिंदू फुलाच्या मध्यावर आणून, पाकळी 30 अंशांनी फिरवताना राइट क्लिकने तिची प्रत सोडली, की उरलेल्या दहा पाकळ्या शेवटची कृती पुन्हा करणाऱ्या नुसत्या ‘कंट्रोल-आर’ने होतात. इलस्ट्रेटर या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ट्रान्सफॉर्म इच’मध्ये सरकणे, फिरणे आणि आकार एकदमच ठरवून पुढे ‘कंट्रोल-डी’ दाबत राहता येते.

आकाराची गोष्ट जास्त नाजूक आहे. 100 मिलिमीटरचा चौकोन दर वेळी 10 मिलिमीटरने लहान केला, तर पहिली घट 10 टक्क्यांची असते, पण 20 वरून 10 वर येताना तीच 50 टक्क्यांची होते, त्यामुळे नक्षी आतल्या बाजूला एकाएकी कोसळल्यासारखी दिसते. त्याऐवजी प्रत्येक प्रत आधीच्या प्रतीच्या 90 टक्के ठेवली, तर 100, 90, 81, 72.9 असा उतार डोळ्याला सलग वाटतो. पहिली अंकगणित श्रेढी, दुसरी भूमितीय. यांतली पहिली तर दहावीच्या बीजगणितातच आहे, पण तिचा संगणकाच्या पडद्याशी काही संबंध असेल हे वर्गात कोणी बोलत नाही.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांतल्या संकल्पचित्रासाठी हीच मुले कंपास व कोनमापक घेऊन बसतात, मग माउस हाती आल्यावर ती शिस्त का सुटावी? सॉफ्टवेअरच्या किमतीची सबबही टिकणारी नाही. इंकस्केप मोफत आहे, त्यातल्या ‘टाइल्ड क्लोन्स’मध्ये प्रत्येक ओळीला व स्तंभाला सरक, कोन आणि आकार यांचे आकडे देता येतात, शिवाय सपाट नक्षीच्या पुनरावृत्तीचे गणिताने सिद्ध केलेले सर्व 17 प्रकारही तिथे तयार मिळतात. आयटीआय आणि खासगी क्लासेसनी प्रात्यक्षिक परीक्षेत अशी एक तरी नक्षी द्यावी, आणि विद्यार्थ्याने वापरलेला कोन व टक्केवारी उत्तरपत्रिकेवर लिहून घेऊन त्यालाही गुण ठेवावेत.

– एक मुद्रण व्यावसायिक, सांगली