फलक कसले लावता, कुशावर्तावर आडोसा करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘तीर्थक्षेत्री अंगभर कपडे हवेत’ हे कालच्या अंकातलं पत्र सकाळी वाचलं, दुपारी पुन्हा वाचलं. रात्री झोप येईना म्हणून लिहायला बसले आहे. जवळच्या पहिने गावच्या धबधब्यावर भिजून तसंच तोकड्या कपड्यांत गावात हिंडणाऱ्या मुलींमुळे ‘आमच्या लेकीबाळींना मान खाली घालावी लागते’, असं पत्रलेखक म्हणतात. त्यांना वेशीवर फलक हवेत, आणि अशा मुलींना अडवायला तरुणांचं पथक हवं.

मी १९७९ साली लग्न होऊन त्र्यंबकला आले. त्या लेकीबाळींत मलाही धरलंय, म्हणून सांगते. कुणाच्या अर्ध्या चड्डीपायी माझी मान आजवर खाली गेलेली नाही. गेल्या श्रावणात मात्र गेली.

तिसरा सोमवार होता. माझी थोरली बहीण दरवर्षी ब्रह्मगिरी डोंगराच्या फेरीसाठी निफाडकडून येते. तिने सत्तरी ओलांडली आहे, गुडघे गेलेत, पण गावातल्या कुशावर्त कुंडात स्नान केल्याशिवाय फेरीला निघायची नाही. सकाळचे सहा वाजले असतील, पाऊस भुरभुरत होता, पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. आक्का बुडी मारून वर आली. बदलायला जागा मिळेना, तेव्हा मी आणि माझ्या सुनेने नेहमीसारखं कोरडं लुगडं दोन टोकांनी धरलं आणि ती आत ओलं सोडू लागली. आमच्या आईने असंच केलं, आजीनेही असंच केलं. तेवढ्यात मागून लोंढा आला, सुनेला धक्का बसला आणि तिच्या हातातलं टोक सुटलं. तिने ते लगेच उचललंही. पण वरच्या पायरीवर विशीतला एक मुलगा मोबाइल धरून उभा होता, आणि मोबाइल आमच्याकडेच रोखलेला होता.

मी तशीच वर चढले. ‘काय काढतोस?’ म्हटलं. ‘आजी, कुंडाचा व्हिडिओ आहे, तुमचा नाही.’ दाखव म्हटलं तर मोबाइल खिशात. शेजारी कपाळाला गंध लावलेले एक वयस्कर गृहस्थ उभे होते. ते त्याला काही बोलतील असं वाटलं, तर मलाच म्हणाले, ‘बाई, एवढी लाज आहे तर घरून अंघोळ करून यायचं.’ तोवर मुलगा गर्दीत दिसेनासा झाला. पोलिसांत जाऊ म्हटलं, तर आक्का माझा हात सोडेना. ‘नाव कुणाचं सांगशील?’ म्हणाली.

त्या दिवशी ती फेरीला गेली नाही. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजली. दोन दिवसांनी तिचा फोन आला, ‘तो पोरगा ते कुणाकुणाला दाखवील गं?’ मला उत्तर देता आलं नाही. यंदा ये म्हणून बोलावलं, तर गुडघे दुखतात म्हणाली. पंधरा वर्षं दुखताहेत तिचे गुडघे, तरी येत होती.

संपादक महाराज, उघड्या अंगाचं या गावाला वावडं आहे असं कुणी म्हणू नये. १९८० च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात मी नवी सून होते. नागा साधूंची मिरवणूक कुशावर्ताकडे निघाली, अंगाला भस्म, बाकी काही नाही. मी पदर तोंडावर ओढून आत पळाले. सासूबाई हात जोडून दारातच उभ्या होत्या. नंतर मला म्हणाल्या, ‘पळायचं काय त्यात? तपस्व्याचं अंग बघू नये, पाय बघावेत.’ त्यानंतर १९९१, २००३ आणि २०१५ चा सिंहस्थही मी बघितला. शैव, उदासीन, निर्मल असे साधूंचे दहा आखाडे इथे उतरतात, तीन वैष्णव आखाडे नाशकात रामकुंडावर जातात. आमच्या जिल्ह्यातल्या रस्त्यांनी मांगीतुंगीच्या जैन तीर्थाकडे पायी जाणारे दिगंबर मुनी दिसले की लोक वाहनं थांबवून पाया पडतात.

बायकांचं म्हणाल, तर नारायण नागबळीच्या विधीला देशभरातून लोक येतात. त्यांतल्या बायका पांढऱ्या साडीत कुशावर्तात बुडी मारून वर येतात. पांढरी साडी भिजली की काय होतं ते मी लिहायला नको. आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये बायकांना सकाळी एक तास त्र्यंबकेश्वराच्या गाभाऱ्यात सोडायचं ठरलं, तेव्हा अट कसली होती? सुती किंवा रेशमी वस्त्र नेसायचं आणि तेही ओलं. त्यावर आंदोलन करणाऱ्या बायका बोलल्या. ‘आमच्या लेकीबाळी’ म्हणणारं पुरुष माणूस तेव्हा आमच्या आळीत तरी तोंड उघडताना मी ऐकलं नाही.

इतकी वर्षं हे सगळं चाललं, कारण कुंडावर दुसऱ्याकडे बघायचं नाही ही रीत होती. तीर्थोपाध्ये संकल्प सांगायचे तो पाण्याकडे तोंड करून. बायका कपडे बदलायला लागल्या की जवळचे पुरुष न सांगता पाठ फिरवायचे. माझे दीर दहा-बारा वर्षांचे असताना वळून बघत होते म्हणून अनोळखी माणसाने त्यांच्या कानाखाली दिली होती, आणि सासऱ्यांनी त्या माणसाचे आभार मानले होते. ती रीत मोडली. ती धबधब्यावरच्या मुलींनी मोडली का?

मला स्वतःला तोकडे कपडे आवडत नाहीत. नातीशी माझा यावरून वाद होतो आणि दर वेळी मीच हरते. देवळात जाताना देवळाची रीत पाळावी, हेही मला मान्य आहे. पण धबधबा म्हणजे गाभारा नव्हे, आणि बसस्टँड म्हणजेही गाभारा नव्हे. तिथे कुणी काय घालावं हे ज्याचं त्याने ठरवावं. २०२३ च्या मे महिन्यात तुळजापूरला मंदिरात असे फलक लागले आणि त्याच दिवशी नियम मागे घ्यावा लागला, हे पत्रलेखकांच्या वाचनात आलेलं दिसत नाही. आणि पथकात येणार कोण? हीच हातात मोबाइल घेतलेली मुलं. ती मुलींना अडवणार आणि त्याचेही व्हिडिओ काढणार. मला याची भीती वाटते.

माझी भाची नाशिकला वकिली करते. तिला विचारलं. सार्वजनिक ठिकाणी अश्लील वर्तन करून इतरांना त्रास दिला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९६ लागतं, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बाईला खासगी अवस्थेत चोरून बघणं किंवा तिचं चित्रण करणं याला कलम ७७ आहे. त्यात पहिल्याच गुन्ह्याला किमान एक वर्ष आणि तीन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे यातला मोठा गुन्हा कोणता, हे कायद्याने ठरवून ठेवलंय. पण ७७ मध्ये एक मेख आहे, असं ती म्हणाली. ती जागा अशी असावी लागते, की जिथे आपल्याला कुणी बघणार नाही असं बाई धरून चालेल. उघड्या घाटावर ते सिद्ध करताना कोर्टात शब्दाचा कीस पडतो. चार भिंती आणि कडी असलेल्या खोलीत तो प्रश्नच येत नाही. म्हणून मी आडोसा मागते आहे.

प्रयागराजला २०२५ च्या कुंभात काय झालं ते तुम्हीच छापलं होतं. स्नान करणाऱ्या बायकांचे व्हिडिओ समाजमाध्यमांवर टाकून विकायला काढले होते, फेब्रुवारीत उत्तर प्रदेश पोलिसांनी गुन्हे दाखल केले. आपल्याकडे येत्या सिंहस्थाचं पहिलं अमृत स्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे, सोमवती अमावास्येला. त्या दिवशी इथे किती मोबाइल असतील? कुंडाच्या चारी बाजूंना आतून कडी लागणारे, पुरेसे आडोसे करा. पायऱ्यांवर मोबाइल बंद म्हणजे बंद, मग तो भाविक असो की पुढाऱ्याचा माणूस. बायकांच्या बाजूला महिला पोलीस उभ्या करा. आणि त्यासाठी सिंहस्थाची वाट कशाला बघायची? तिसरा सोमवार दरवर्षी येतो.

आता तुमच्याबद्दल. गेल्या वर्षी त्या सोमवारनंतर मंगळवारचा अंक हातात घेतला, तर पहिल्याच पानावर कुशावर्तात कंबरभर पाण्यात उभ्या असलेल्या बायकांचा रंगीत फोटो. सगळ्या चिंब ओल्या, चेहरे ओळखू येतील असे. खाली ‘भक्तीचा महापूर’. त्यातल्या एकीला तरी विचारलं होतं का? आक्का त्यात नव्हती, हे मी भिंग घेऊन तपासलं. ज्या घरांतली बाई त्यात होती, त्यांनी काय केलं असेल?

हे पत्र छापणार असाल तर शेजारी कुंडाचा जुना फोटो लावू नये, एवढी विनंती.

कळावे,
एक वाचक, त्र्यंबकेश्वर