खाडीकाठच्या वस्तीकडून जाहीर आभार

रत्नागिरीच्या खाडीलगत, आमच्या वस्तीच्या मागचं कांदळवन, म्हणजे तिवरांचं जंगल, डेब्रिज टाकून बुजवलं जात होतं. ते आता थांबलंय. ज्यांच्यामुळे थांबलं त्यांतल्या निम्म्यांची नावं आम्हाला ठाऊक नाहीत, उरलेल्यांनी ‘नाव घालू नका’ असं बजावलंय. म्हणून हे जाहीर आभार.

आधी बचत गटातल्या त्या ताईंचे. रात्री डंपर आला की हप्त्यांच्या वहीच्या मागच्या पानावर वेळ आणि गाडीचा नंबर लिहून ठेवायच्या. हळदीच्या बोटांचे डाग असलेली तीच पानं आम्ही तक्रारीला जोडली, आणि तीच कामाला आली. माहिती अधिकाराचा अर्ज लिहून देणाऱ्या, वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्पही स्वतःच्या खिशातून लावणाऱ्या कॉलेजच्या पोराचे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार तिवरं तोडायला तर बंदी आहेच, भोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्यात डेब्रिज टाकायलाही बंदी आहे, हे सोप्या मराठीत समजावणाऱ्या वकीलबाईंचे.

मोहल्ल्यातले चाचा आणि मच्छीमारांच्या खारवीवाड्यातले तांडेल (होड्यांचे म्होरके) एका सतरंजीवर बसले, हे खरं तर सगळ्यात अवघड काम. ते ज्यांनी जमवलं त्यांना दंडवत. (पुढारी फोटोपुरते आले होते, त्यांचे आभार त्यांचे कार्यकर्ते मानतीलच.)

जुना भराव अजून तसाच आहे. येत्या रविवारी ओहोटीला जमायचंय. घमेली आहेत, फावडी कमी पडतील.